वडीलधाऱ्यांच्या घरचें यंत्र



कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. राहुरी तालुक्यांतील एका खेड्यांत माझे मामा राहतात. सारें आयुष्य त्यांनीं शाळेंत मुलांना गणित शिकविण्यांत घालविलें. आतां वय पंचाहत्तरीच्या पलीकडे गेलें आहे. मुलगा परदेशीं, मुलगी पुण्यास. घरीं मामा आणि मामी अशीं दोघेंच. मुलांशीं समोरासमोर बोलतां यावें, नातवंडांचीं छायाचित्रें पाहतां यावीं, निवृत्तिवेतनाचा हिशेब घरबसल्या कळावा, एवढ्यासाठीं आम्हीं त्यांच्याकडे एक संगणक नेऊन ठेवला होता. एके दिवशीं तो बंद पडला. मीं नगराहून फोन केला, तेव्हां मामा शांतपणें म्हणाले, “माझ्याच हातून कांहीं तरी वेडेंवांकडें झालें असेल. ह्या वयांत आतां तें नको. तूं मुद्दाम त्यासाठीं येऊं नकोस.”

तीन आठवड्यांनीं मी गेलों. संगणकावर जुनें उपरणें घातलेलें होतें आणि त्यावर पंचांग व चष्म्याची डबी ठेवलेली होती. पेटी उघडून पाहिली. मामांच्या हातून कांहींहि झालें नव्हतें. विजेचा पुरवठा करणाऱ्या भागांतील दोन लहानशीं नळकांडीं उन्हाळ्याच्या उष्म्यानें आणि विजेच्या चढउतारानें फुगून फुटलीं होतीं. चहाच्या दोन पेल्यांहून ज्यांची किंमत अधिक नाहीं अशा दोन वस्तूंनीं एका गणिताच्या शिक्षकास स्वतःच्या बुद्धीविषयीं शंका घ्यावयास लावली होती.

त्या दिवशीं मला जें उमगलें तें असें. तरुणाच्या घरचें यंत्र बिघडलें तर तो यंत्राला दोष देतो. वृद्धाच्या घरचें बिघडलें तर तो स्वतःला दोष देतो, आणि पुन्हा त्या यंत्राच्या वाटेला जात नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांसाठीं यंत्र निवडावयाचें तर तें सर्वांत वेगवान् असून उपयोगी नाहीं. तें भरंवशाचें असलें पाहिजे. मग भरंवशाचें यंत्र कसें बनतें? ह्या प्रश्नाचें उत्तर मी प्रथम दुकानांतील किंमतींच्या यादींत शोधलें, तें तेथें सांपडलें नाहीं. तें पुष्कळसें इतिहासांत सांपडलें. आज आपणांपुढें तोच इतिहास थोडक्यांत मांडावा, असा विचार आहे.

आरंभ आमच्या नगरापासूनच करतों. अहमद निजामशहानें १४९० सालीं वसविलेल्या आणि २०२४ सालीं अहिल्यानगर असें नांव मिळालेल्या ह्या शहरानें टिकाऊपणाचे दोन अगदीं भिन्न आदर्श जगापुढें ठेवले आहेत. पहिला आदर्श म्हणजे मलिक-इ-मैदान ही तोफ. ती १५४९ सालीं येथें ओतली गेली. सुमारे ५५ टन वजनाची, कांशाची, एकसंध अशी ही तोफ पुढें विजापुरास गेली, आणि आजहि ती तेथल्या बुरुजावर आहे. तिच्यांत तुटण्यासारखें, निसटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु अशा एकसंध वस्तूची दुसरी बाजूहि लक्षांत घेतली पाहिजे. तिला तडा गेला असता, तर तिचा एक तुकडा बदलून काम भागलें नसतें. सारी तोफ पुन्हा वितळवून पुन्हा ओतावी लागली असती.

दुसरा आदर्श म्हणजे निजामशाहींतील पाणीपुरवठा. कापूरवाडीसारख्या शहराबाहेरच्या उंच जागांवरून जमिनीखालून पाणी आणून तें भाजलेल्या मातीच्या नळांनीं बागांना, हौदांना आणि वाड्यांना पुरविण्याची व्यवस्था त्या काळीं केली होती. हे खापरी नळ म्हणजे हातभर लांबीचे साधे तुकडे, एकांत एक बसविलेले. एक तुकडा फुटला तर तेवढाच खणून काढावा आणि कुंभाराकडून तसाच दुसरा आणून बसवावा. एकेक नळ तोफेपुढें कःपदार्थ. परंतु त्या नळांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाहिलें, कारण ती व्यवस्था दुरुस्त होऊं शकत होती. मामांच्या घरीं जें यंत्र हवें होतें तें तोफेच्या जातीचें नव्हे, खापरी नळाच्या जातीचें.

एक भाग काढून त्याच्या जागीं दुसरा तंतोतंत बसावा, ही कल्पना आज आपणांस इतकी सहज वाटते कीं, ती कोणास तरी सुचावी लागली असेल हेंच ध्यानांत येत नाहीं. पूर्वीं प्रत्येक बंदूक, प्रत्येक घड्याळ कारागिराच्या हातचें असे, आणि एकाचा स्क्रू दुसऱ्यास लागत नसे. १७८५ सालीं पॅरिसजवळ ऑनोरे ब्लां नांवाच्या एका फ्रेंच कारागिरानें बंदुकीच्या चापांचे पन्नास संच सुटे करून ठेवले होते. अमेरिकेचे तेव्हांचे वकील टॉमस जेफर्सन हे ते पाहावयास गेले. त्यांनीं हाताला येतील ते भाग उचलून स्वतः कांहीं चाप जोडून पाहिले. ते बिनचूक बसले. जेफर्सन यांनीं ही हकीकत मोठ्या उत्साहानें स्वदेशीं कळविली. पुढें १८४१ सालीं इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं स्क्रूच्या आट्यांचें एकच प्रमाण असावें अशी योजना मांडली. ह्या दोन गोष्टींपासून निघालेली वाट थेट आपल्या संगणकाच्या पेटीपर्यंत येते. आजहि ती पेटी उघडली तर तींत दोन प्रकारचे स्क्रू सांपडतात: कांहीं इंची मापाचे व कांहीं मेट्रिक मापाचे. दोन जुन्या प्रमाणांचें भांडण त्या पेटींत अद्याप मिटलेलें नाहीं!

आतां प्रत्यक्ष संगणकाकडे वळूं. १९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें ‘एनिअ‍ॅक’ हा संगणक लोकांस दाखविण्यांत आला. त्यांत सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, जुन्या रेडिओंत असत तशा. रेडिओंतील एक नळी वर्षा-दोन वर्षांनीं जळते, मग अठरा हजार नळ्यांचें यंत्र पांच मिनिटें तरी सलग चालेल काय, अशी शंका जाणत्यांनीं घेतली होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. परंतु त्या यंत्राचे प्रमुख अभियंते प्रेस्पर एकर्ट यांनीं एक साधा नियम पाळला. जी नळी जेवढा भार सोसूं शकते, त्याहून पुष्कळच कमी भार तिच्यावर घालावयाचा. बैलाला ओढतां येईल त्याच्या निम्मेंच ओझें गाडींत भरावें, तसें. शिवाय नळ्या बहुधा यंत्र सुरू किंवा बंद करतांना जळतात हें पाहून तें यंत्र होतां होईल तों बंदच करावयाचें नाहीं असा रिवाज पडला. तरी नळ्या जळत. पण दर एक-दोन दिवसांनीं एखादी, आणि ती शोधून बदलण्याचें काम थोड्या वेळांत होई. पुढें १९५४ सालीं हें यंत्र एकदां सलग ११६ तास बिनचूक चाललें. त्या यंत्राची ती कमाल मर्यादा होय.

हा नियम मामांच्या संगणकासहि जसाच्या तसा लागू पडतो. साऱ्या यंत्राला दीडशें वॅट वीज पुरत असेल, तर दीडशें वॅटचा पुरवठा-भाग घेऊं नये. चारशें-साडेचारशें वॅटचा, चांगल्या बनावटीचा घ्यावा. तो आयुष्यभर अर्ध्या श्वासानें काम करील, तापणार नाहीं, आणि म्हणून टिकेल.

आपल्या देशांतील पहिला स्वदेशीं बांधलेला मोठा संगणक मुंबईस झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं तरुणांनीं १९५६ पर्यंत एक प्रायोगिक यंत्र सिद्ध केलें आणि १९६० सालीं संपूर्ण यंत्र चालू केलें. त्यांत सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्यापूर्वीं ह्या तरुणांपैकीं कोणीं संगणक बांधलेला नव्हता. भाग आणून, त्यांची एकेकाची परीक्षा घेऊन, पोलादी चौकटींत रचून त्यांनीं तें यंत्र उभें केलें. १९६२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं त्याला ‘टिफरॅक’ हें नांव दिलें. नगरकराला येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. हेच नेहरू १९४२ पासून १९४५ पर्यंत आमच्या भुईकोट किल्ल्यांत बंदिवान होते. भारताच्या शोधाविषयींचा आपला ग्रंथ त्यांनीं १९४४ सालीं त्याच किल्ल्यांत हातानें लिहिला. लेखणीनें शेंकडों पानें भरणाऱ्या त्या बंद्यानें अठरा वर्षांनीं देशाच्या पहिल्या गणकयंत्राचें नामकरण करावें, हा योग मोठा मनोवेधक आहे.

टिफरॅकचें आयुष्य मात्र अल्प ठरलें. तें तयार होईपर्यंत जगांत निर्वात नळीची जागा ट्रान्झिस्टरनें घेतली होती, आणि थोड्याच वर्षांत तें निवृत्त झालें. भाग चांगले असून भागत नाहीं. ते उद्यांहि बाजारांत मिळाले पाहिजेत, हा धडा त्यांतून घ्यावयाचा. याच धड्याची दुसरी बाजू पुण्यास दिसली. १९८० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानास हवा असलेला महासंगणक अमेरिकेकडून मिळूं शकला नाहीं. तेव्हां १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, स्थापन झालें, आणि डॉक्टर विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यांत एकच अलौकिक मेंदू नव्हता; बाजारांत मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर नांवाच्या लहान लहान गणकांची चौसष्ट जणांची पंगत एकत्र बसविलेली होती. तोफ मिळाली नाहीं, तेव्हां आपण खापरी नळ जोडले, असें म्हटलें तरी चालेल.

ह्या दोन टोकांच्या मधें घरगुती संगणकाची कथा घडली. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. ह्या अमेरिकन कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. एरवीं ही कंपनी आपल्या यंत्राचा बहुतेक भाग स्वतःच्या कारखान्यांत करी. ह्या वेळीं मात्र घाई होती. म्हणून गणनाचा मुख्य भाग एका कंपनीचा, आज्ञावली दुसरीची, तबकडी तिसरीची असा संसार मांडला गेला, आणि त्या यंत्राची रचना कशी आहे ह्याचें पुस्तकहि प्रसिद्ध करण्यांत आलें. परिणाम असा झाला कीं, दुसऱ्या वर्षापासूनच इतर कंपन्या तसेंच यंत्र करूं लागल्या. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें पेटी, मुख्य पाटा म्हणजे मदरबोर्ड, आणि विजेचा पुरवठा-भाग ह्या तिहींच्या मापांचें ‘ए. टी. एक्स.’ नांवाचें एक प्रमाण ठरवून दिलें. त्या वर्षांपासून पुढें ज्या पेट्या निघाल्या, त्यांतील कित्येकींत आज घेतलेला मदरबोर्डहि बसतो. स्क्रूंचीं भोकें त्याच जागीं आहेत. ब्लां यांच्या चापांची ती पुढची पिढी होय.

१९८४ सालीं सरकारनें संगणकविषयक धोरण सैल केलें आणि १९९१ नंतर आयातीचीं दारें अधिक उघडलीं. त्यानंतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली हीं नांवें महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोंचलीं. तेथून खोक्यांतून आलेले भाग नगर, श्रीरामपूर, संगमनेर येथील लहान लहान दुकानांत जोडले जाऊं लागले. ‘असेंबल्ड कॉम्प्युटर’ हा शब्द आमच्या खेड्यांतहि रूढ झाला. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें आणि त्याचा ‘एम. एस. सी. आय. टी.’ हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत शिकविला जाऊं लागला. त्याबरोबर स्क्रूड्रायव्हर हातीं घेऊन पेटी उघडण्यास न भिणारी मुलें गांवोगांवीं दिसूं लागलीं. मामांच्या दृष्टीनें पाहिलें तर ही गोष्ट कोणत्याहि कंपनीच्या हमीपत्राहून अधिक मोलाची आहे. हमीपत्र तीन वर्षांनीं संपतें; चौकांतला तो मुलगा चौथ्या वर्षींहि येतो.

परंतु भाग कितीहि उत्तम असले तरी ते विजेवर चालतात, आणि विजेचा इतिहास जिल्ह्या-जिल्ह्याचा निराळा असतो. आमच्या जिल्ह्यांत अकोले तालुक्यांत प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पूर्ण झालें. त्या पाण्यावर ऊंस आला. १९५० सालीं लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आणि १९७० च्या सुमारास श्रीरामपुराकडे शेतकऱ्यांनीं वीज वांटण्यासाठींहि सहकारी संस्था काढली. ‘मुळा-प्रवरा’ ही ती संस्था. २०११ पर्यंत आसपासच्या तालुक्यांतील घरांना व मोटारींना तिचीच वीज मिळे. ऊंस आणि वीज यांचें नातें घट्ट असतें. शेतावरील पंप एकदम सुरू झाले कीं घरांतला दिवा मंदावतो, आणि ते बंद झाले कीं अकस्मात् उजळतो. हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों. २००५ नंतर कांहीं वर्षें तर भारनियमनानें कहर केला; ग्रामीण भागांत दिवसांतले अनेक तास वीज नसे. दिव्याला मंदावलेलें चालतें. संगणकाला चालत नाहीं. मागें सांगितलेला एनिअ‍ॅकचा अनुभव आठवा: यंत्र चालूं असतांना जितकें झिजतें, त्याहून अधिक तें पुन्हा पुन्हा बंद-सुरू होण्यानें झिजतें.

म्हणून मामांसाठीं दुसरें यंत्र जोडावयाचें ठरलें, तेव्हां मीं यादी उलट्या क्रमानें केली. तरुण मंडळी प्रथम मेंदू, म्हणजे प्रोसेसर, ठरवितात आणि उरलेल्या पैशांत विजेचा भाग घेतात. मीं प्रथम भिंतींतल्या तीन भोकांपासून आरंभ केला. अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत जातें कीं नाहीं हें गांवच्या वायरमनकडून तपासून घेतलें. तें जात नव्हतें. मग दाब कमीअधिक झाला तरी स्वतः सावरून घेणारा, लाइन-इंटरॅक्टिव्ह म्हणतात त्या जातीचा यू. पी. एस. घेतला. त्याच्या आंतली शिशाची बॅटरी ही गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं शोधलेल्या बॅटरीचीच वंशज. उष्ण हवेंत ती दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. ती कधीं बसविली त्याची तारीख तिच्यावरच शाईनें लिहून ठेवली.

त्यानंतर विजेचा पुरवठा-भाग आणि मदरबोर्ड. मामांच्या पहिल्या यंत्रांत जीं नळकांडीं फुटलीं होतीं, त्यांस कपॅसिटर म्हणतात. त्यांत एक द्रव असतो आणि उष्णतेनें तो सुकत जातो. स्थूलमानानें हिशेब असा कीं, दहा अंश उष्णता कमी झाली तर त्यांचें आयुष्य दुप्पट होतें. १९९९ पासून २००७ पर्यंतच्या काळांत बनलेल्या कित्येक मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसले होते, आणि जगभर लक्षावधि यंत्रें त्यामुळें अकालीं गेलीं. त्या अनुभवानंतर घन कपॅसिटरांचा प्रसार झाला. म्हणून मदरबोर्ड घेतांना त्यावर घन कपॅसिटर आहेत काय, आणि पुरवठा-भागांतील कपॅसिटर पंच्याऐंशी अंशांचे कीं एकशें पांच अंशांचे, एवढे दोनच प्रश्न मीं दुकानदारास विचारले. ज्या गांवीं वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो, तेथें ते वीस अंश म्हणजे चौपट आयुष्य होय.

प्रोसेसर मीं मध्यम प्रतीचा, पण चित्र दाखविण्याची सोय ज्याच्या पोटांतच आहे असा घेतला. त्यामुळें निराळें ग्राफिक कार्ड नको, त्याचा निराळा पंखा नको. जो भाग नाहीं तो बिघडत नाहीं. मात्र येथें एका बाबतींत काटकसर करूं नये. भाग धडधाकट असूनहि आज्ञावलीनें साथ सोडल्यामुळें यंत्र निकालांत निघतें, हा नव्या काळाचा रोग आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार संपला, आणि चांगलीं चालणारीं कितीएक यंत्रें पुढच्या आवृत्तीस अपात्र ठरलीं. म्हणून फार जुन्या पिढीचा प्रोसेसर स्वस्त मिळाला तरी वृद्धांसाठीं घेऊं नये. आणि जें यंत्र असें अडलें असेल, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स घालून पाहावी.

स्मृतीच्या पट्टीचा इतिहासहि मोठा रंजक आहे. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग हे गणिती शनिवार-रविवारीं यंत्रावर काम लावून जात. यंत्राला चूक आढळली कीं तें काम सोडून देई, आणि सोमवारीं हातीं कांहीं लागत नसे. यंत्राला चूक कळते, तर ती दुरुस्त कां करतां येऊं नये, ह्या चिडींतून त्यांनीं चूक सुधारणारें गणित शोधलें आणि १९५० सालीं तें प्रसिद्ध केलें. तशी सुधारणारी स्मृति घरगुती यंत्रांत सहसा नसते. पण नवी पट्टी बसविल्यावर रात्रभर तिची परीक्षा घेणारी आज्ञावली चालवून ठेवणें कोणासहि शक्य आहे. ती परीक्षा आम्हीं घेतली.

साठवणीसाठीं फिरती तबकडी घेतली नाहीं. १९५६ सालीं आय. बी. एम. नें पहिली तशी साठवण केली, तेव्हां तिच्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, तिचें वजन टनाच्या घरांत होतें आणि तिच्यांत सुमारे पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज एवढ्यांत मामांच्या नातवाचीं दोन-तीन छायाचित्रें मावतील. पुढें तबकडी तळहाताएवढी झाली तरी तिचें फिरणें आणि सुईचें तिच्यावरून केसभर अंतरानें तरंगणें सुटलें नाहीं. मधेंच वीज गेली, धक्का लागला, तर सारें गमावण्याची धास्ती असेच. एस. एस. डी. मध्यें फिरणारें कांहींच नाहीं. तरी तिच्यावरहि संपूर्ण विसंबूं नये. छायाचित्रांची एक प्रत निराळ्या पेटींत काढून ती मुलीकडे पुण्यास ठेवली आहे.

शेवटची गोष्ट अक्षरांची. मराठी लिहावयाची तर ती स्वतःच्या लिपींत. १९८६ सालीं सरकारनें भारतीय लिप्यांसाठीं ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक ठरविला आणि १९९१ च्या युनिकोडमध्यें देवनागरीस स्थान मिळालें. व्यंजनें उजव्या हाताकडे, स्वर डाव्या हाताकडे, अशी त्याची रचना वर्णमालेस धरून आहे. मामांना ती एका दुपारींत समजली. “ज्यानें हें मांडलें त्याला व्याकरण येत होतें,” एवढाच त्यांचा अभिप्राय. कळांवर मोठीं देवनागरी अक्षरें छापलेला कळफलक आणि चोवीस इंची पडदा ह्यांवर जो खर्च झाला तो प्रोसेसराहून फारसा कमी नव्हता. पण मामांचा संबंध प्रोसेसराशीं येत नाहीं, अक्षरांशीं येतो.

हें सारें मीं एकट्यानें जोडलें नाहीं. आमच्या पहिल्या चुकीचें मूळ तेथेंच होतें असें मला वाटतें. तयार पेटी आणून ठेवली, कळ कोणती तें दाखविलें, आणि आम्ही निघून आलों. यंत्र मामांच्या घरीं होतें, पण तें मामांचें नव्हतें. ह्या खेपेस ओसरीवर सतरंजी पसरून आम्ही दोघे बसलों. स्मृतीची पट्टी मामांनीं स्वतः बसविली. “उलटी बसतच नाहीं ही,” ते म्हणाले. खांच एका बाजूस आहे हें त्यांनीं पाहतांक्षणीं हेरलें होतें. मामी चहा घेऊन आल्या तेव्हां मामा त्यांना पंखा कोठला, मेंदू कोठला हें वर्गांत शिकविल्याप्रमाणें सांगत होते. सायंकाळीं प्रत्येक भागाचें नांव, बसविल्याची तारीख आणि मिळण्याचें दुकान एका कागदावर त्यांच्या सुंदर अक्षरांत लिहून तो कागद पेटीच्या आंतल्या बाजूस चिकटविला. माझ्यानंतर ती पेटी जो कोणी उघडील त्याच्यासाठीं तो कागद आहे.

१० नोव्हेंबर २०१४ रोजीं सरकारनें ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू केली. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना आपण हयात आहों हा दाखला तींत घरबसल्या देतां येतो. वर्षांतून एकदां स्वतःच्या जिवंतपणाची साक्ष यंत्रापुढें द्यावयाची वेळ जेथें आली आहे, तेथें तें यंत्र आपल्याला वश आहे कीं आपण त्याला, हा प्रश्न चैनीचा राहिलेला नाहीं. बँकेचा व्यवहार, दवाखान्यांतली वेळ, परदेशींच्या नातवाचा चेहरा हीं सारीं त्या पडद्याच्या पलीकडे उभीं आहेत. पडदा काळा झाला कीं वृद्ध माणूस तितक्यांनाहि एकदम पारखा होतो; आणि तो स्वतःलाच दोष देत असल्यामुळें तक्रारहि करीत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत मामांचा फोन आला. आवाजांत घाई नव्हती, खंत तर मुळींच नव्हती. “अरे, पंखा कुरकुर करतो आहे. कागदावर पाहिलें, चार वर्षें झालीं त्याला. राहुरीच्या मुलाला सांगितलें आहे. उद्यां येऊन बदलून जाईल. तुला नुसतें कळवावें म्हणून फोन केला.”

खापरी नळाचा एक तुकडा फुटला होता, आणि तो कोठें फुटला हें घरच्या माणसाला ठाऊक होतें. भरंवशाचें यंत्र म्हणजे कधींहि न बिघडणारें यंत्र नव्हे. बिघडलें असतां दोष कोठें आहे हें ज्याच्याविषयीं सांगतां येतें, आणि तो दोष दूर करणारा माणूस हांकेच्या अंतरावर असतो, तें यंत्र भरंवशाचें. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठीं पुढच्या वेळीं असें एखादें यंत्र जोडाल, तेव्हां एक दिवस काढून त्यांना शेजारीं घेऊन बसा, आणि पहिला स्क्रू त्यांच्या हातांत द्या, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.